दोन बेटं, एक मुद्दल

मंडळी, मागच्या पाठात आपण सात-बाराचा उतारा वाचायला शिकलो. आज आपण फार लांब जाणार आहोत. समुद्रापलीकडच्या दोन देशांत जाऊ, तिथली माणसं कशी राहतात ते पाहू आणि मग परत आपल्या वारज्यात येऊ.

पण निघण्याआधी एक गोष्ट.

समजा, आपल्या वर्गात एक तात्या आहेत. वय साठीच्या पुढं. त्यांच्या वडिलांच्या वेळी मुठेच्या काठाला त्यांची पाच एकर जमीन होती. ज्वारी व्हायची, वांगी-टोमॅटो व्हायचे. १९९७ साली वारजे गाव पुणे महापालिकेत गेलं. रस्ते रुंद झाले, इमारती उभ्या राहिल्या, जमिनीला भाव आला. तात्यांच्या घरानं तुकड्या-तुकड्यानं जमीन विकली. एकदा घर बांधायला, एकदा लेकीच्या लग्नाला, एकदा गाडी घ्यायला. आता वीस गुंठे उरले आहेत. त्यालाही गिऱ्हाईक आलं आहे.

थोरला मुलगा म्हणतो, "तात्या, देऊन टाकू. एवढा पैसा आपण जन्मात पाहिला नाही."

काकू चुलीपाशी बसून म्हणतात, "पैसा पाहिलाय की! राहिलेला मात्र पाहिला नाही."

तात्या गप्प बसतात. त्यांना दोघांचंही पटतं.

तात्यांनी काय करावं? हा प्रश्न एकट्या तात्यांचा नाही. एका अख्ख्या देशापुढं हाच प्रश्न आला होता. त्या देशाचं नाव नौरू. त्याच्यासारखाच दुसरा एक लहान देश आहे, त्याचं नाव तुवालू. या दोघांची तुलना आज करू या.

देश केवढे?

पृथ्वीवर सर्वांत मोठा समुद्र म्हणजे प्रशांत महासागर. भारताच्या पूर्वेला, पार ऑस्ट्रेलियाच्याही पलीकडं तो पसरला आहे. त्यात हजारो बेटं आहेत. काही बेटांचे मिळून देश झाले आहेत. नौरू आणि तुवालू हे त्यांतले दोन.

किती लहान म्हणता? आपल्या शेजारी खडकवासल्याला एनडीए आहे. सैन्यातल्या अधिकाऱ्यांना शिकवायची ती संस्था. तिचं आवार सुमारे ७००० एकर. नौरू हा अख्खा देश सुमारे ५२०० एकर. तुवालू सुमारे ६४०० एकर. म्हणजे दोन्ही देश एनडीएच्या आवाराहून लहान! नौरूला कडेकडेनं जाणारा रस्ता आहे. सायकलवर बसलेला माणूस दोन तासांत देशाला फेरी घालून परत येईल.

नौरूत सुमारे बारा हजार लोक राहतात. तुवालूत सुमारे अकरा हजार. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढीच वस्ती. पण त्यांचा झेंडा वेगळा, सरकार वेगळं, संसद वेगळी.

दोन्हीकडं उन्हाळा बारमाही. दोन्हीकडं नारळ आणि मासे. दोन्हीकडं एकही नदी नाही. आपल्याला मुठा आहे, खडकवासल्याचं धरण आहे. त्यांना प्यायचं पाणी म्हणजे पागोळीचं. ते टाकीत साठवायचं. पाऊस लांबला की हाल.

इथवर दोघं सारखे. आता फरक पाहू.

नौरू : श्रीमंतीचा दगड

नौरूच्या जमिनीत एक दगड होता. हा साधा दगड नव्हता. आपण शेतात 'सुपर' घालतो ना, सुपर फॉस्फेट? ते ज्या दगडापासून करतात, तो हा दगड. त्याला फॉस्फेट म्हणतात.

हा दगड कसा सापडला, ते ऐका. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात एका कंपनीची कचेरी होती. तिथं दार अडवायला एक दगड ठेवलेला असे. कुणीतरी तो नौरूहून आणला होता. कंपनीतल्या अल्बर्ट एलिस नावाच्या माणसाला त्याचा संशय आला. त्यानं तो तपासला, तर काय! दार अडवणारा दगड म्हणजे उत्तम प्रतीचं फॉस्फेट. हे १९०० च्या सुमाराला घडलं.

नौरूच्या शेजारी बनाबा नावाचं एक बेट आहे. तिथंही हाच दगड होता. १९०० सालीच कंपनीचा माणूस बनाबावर गेला. तिथल्या लोकांकडून त्यानं एक करार करून घेतला. वर्षाला पन्नास पौंड द्यायचे आणि त्या बदल्यात फॉस्फेट खणायचं. मुदत किती? ९९९ वर्षं! करार इंग्रजीत होता. ज्यांची जमीन, त्यांना तो वाचता येत नव्हता.

मंडळी, आपण रात्री डोळे चोळत अक्षरं गिरवतो ती कशासाठी, ते या एका कागदावरून समजावं.

नौरूवर त्या वेळी जर्मनीचं राज्य होतं. १९०७ पासून तिथून जहाजं भरून दगड जाऊ लागला. जमिनीच्या मालकाला एका टनामागं अर्धा पेनी मिळे, म्हणजे अगदी चिरीमिरी. पहिल्या महायुद्धात जर्मनी गेली. मग ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि न्यूझीलंड यांनी मिळून खाणी चालवल्या. नौरूच्या दगडानं तिकडची शेतं पिकली. नौरूची जमीन मात्र उजाड होत गेली.

३१ जानेवारी १९६८ रोजी नौरू स्वतंत्र झाला. तोवर सुमारे एक तृतीयांश जमीन खणून झाली होती. पुढं दोन वर्षांनी खाणी नौरूच्या लोकांच्या हातात आल्या. आता दगडाचा सगळा पैसा त्यांचाच.

मग दिवस पालटले. १९७० नंतरच्या काळात माणशी मिळकत पाहिली, तर नौरू जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत मोजला जाई. प्राप्तिकर नाही. शाळा फुकट, दवाखाना फुकट. मोठं दुखणं आलं तर सरकार आपल्या खर्चानं ऑस्ट्रेलियाला पाठवी. खाणीत राबायला बाहेरची माणसं येत. त्यांत तुवालूचे लोकही होते. नौरूच्या माणसाला फारसं राबावं लागत नसे.

दगड कधीतरी संपणार, हे नौरूच्या पुढाऱ्यांना ठाऊक होतं, बरं का. ते मूर्ख नव्हते. त्यांनी मुलाबाळांसाठी एक निधी काढला. दगडाच्या पैशातला एक वाटा त्यात घातला. तो निधी वाढत वाढत शंभर कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर गेला.

मग चुकलं कुठं?

निधी होता, पण त्याला धरबंध नव्हता. किती काढायचं, कुणी काढायचं, कशाला लावायचं, याला कडक नियम नव्हता. हिशोब लोकांपुढं ठेवला जात नव्हता. मेलबर्न शहरात बावन्न मजल्यांची इमारत बांधली. ती १९७७ साली पुरी झाली. एवढ्याशा देशानं स्वतःची विमान कंपनी काढली. विमानं अनेक, बसणारे थोडे. १९९३ साली लंडनला एका संगीत नाटकात पैसा घातला. ते नाटक काही आठवड्यांतच बंद पडलं. खर्च भागेना म्हणून निधी तारण ठेवून कर्ज काढलं. कर्जाचं व्याज द्यायला आणखी कर्ज काढलं.

आपल्याकडं म्हणतात, 'बसून खाल्लं तर डोंगरही पुरत नाही.' नौरूत तर खरोखरच डोंगर खाऊन झाला.

नव्या शतकाच्या सुरुवातीला दगड संपत आला. २००४ साली मेलबर्नची इमारत विकावी लागली. २००५ साली कर्ज थकलं म्हणून शेवटचं विमानही सावकारानं नेलं. देशाची बँक बुडाली. लोकांची ठेव त्यात अडकली.

आणि जमीन? पाचातले चार भाग खणून झाले होते. दगड काढल्यावर खाली राहतात ते पोवळ्याचे टोकदार सुळके. काही सुळके दोन-तीन माणसांच्या उंचीचे, काही त्याहून उंच. तिथं पेरता येत नाही, घर बांधता येत नाही, नीट चालताही येत नाही. लोक किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत दाटीनं राहतात.

आणखी एक गोष्ट झाली. पैसा आला तसं खाणं बदललं. मासे, नारळ आणि कंद मागं पडले. जहाजानं येणारा तांदूळ, साखर, डब्यातलं मांस आणि गोड पाणी आलं. हालचाल कमी झाली. १९७० नंतरच्या तपासण्यांत दिसलं, की नौरूत दर तीन प्रौढ माणसांमागं जवळजवळ एकाला मधुमेह आहे. तेव्हा जगात इतकं प्रमाण फारच थोड्या ठिकाणी होतं.

सगळा दोष नौरूच्या लोकांचा होता का? नाही. पहिली साठ वर्षं खणणारे दुसरेच होते. नौरूनं १९८९ साली ऑस्ट्रेलियावर आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १९९३ साली तडजोड झाली आणि ऑस्ट्रेलियानं १० कोटी ७० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. लहान देशानं मोठ्या देशाकडून भरपाई घेतली, ही काही लहान गोष्ट नाही. पण भरपाईनं सुळक्यांची जमीन पुन्हा काळी झाली नाही.

तुवालू : दगड नसलेला देश

आता तुवालूकडं वळू. नौरू एक बेट. तुवालू नऊ बेटांचा. 'तुवालू' याचा अर्थ 'आठ जण एकत्र उभे'. पूर्वी आठच बेटांवर वस्ती होती, म्हणून हे नाव. १ ऑक्टोबर १९७८ रोजी हा देश ब्रिटनपासून स्वतंत्र झाला.

तुवालूजवळ फॉस्फेट नव्हतं, सोनं नव्हतं, तेल नव्हतं. माती तरी कुठं धड आहे? बेटं पोवळ्याची. वाळू आणि चुरा. तिथले लोक जमिनीत खोल खड्डे घेतात, त्यात पालापाचोळा कुजवतात आणि पुलाका नावाचा कंद लावतात. हा कंद आपल्या अळूच्या जातीतला. त्यांची पुरुषमंडळी परदेशी जहाजांवर खलाशी म्हणून जात आणि घरी पैसे पाठवत. आपल्याकडं कोकणातले चाकरमानी मुंबईहून मनिऑर्डर करत, तसंच.

तुवालूनंही सुरुवातीला ठेच खाल्ली. देश नवा होता. सरकारनं अमेरिकेतल्या एका जमीन विकणाऱ्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवला आणि पाच लाखांहून जास्त डॉलर त्याच्याकडं गुंतवले. पुढं देशभर ओरड झाली. १९८१ च्या निवडणुकीनंतर पंतप्रधान बदलले.

ही ठेच वाया गेली नाही. १९८७ साली तुवालूनं एक विश्वस्त निधी काढला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन यांनी मोठा वाटा दिला. तुवालूनं स्वतःचाही वाटा घातला. सुरुवातीला जमले सुमारे २ कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. नौरूच्या निधीपुढं ही रक्कम म्हणजे हत्तीपुढं शेळी.

पण शेळीला दावं होतं. नियम साधे होते. मुद्दलाला हात लावायचा नाही. महागाई वाढेल तेवढी मुद्दलात भर घालायची. त्याहून जास्त उत्पन्न झालं तरच उरलेलं खर्चाला घ्यायचं. ज्या वर्षी जास्त झालं नाही, त्या वर्षी मुद्दलातून काही मिळणार नाही. चांगल्या वर्षातलं थोडं बाजूला ठेवायचं, म्हणजे वाईट वर्षी कामाला येतं. निधीवर देखरेख करणाऱ्या मंडळात पैसे देणाऱ्या देशांचीही माणसं बसत. एकट्या मंत्र्याच्या सहीनं पैसा निघत नसे.

पुढं त्या निधीत आणखी भर पडली. वीस वर्षांत तो दहा कोटी डॉलरांच्या वर गेला. तो आजही आहे.

तुवालूची दुसरी युक्ती ऐका. जवळ आहे ते विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं. समुद्रात त्यांचे मासे आहेत. परदेशी बोटींना ते मासेमारीचा परवाना देतात आणि दिवसाप्रमाणं पैसे घेतात. दुसरं म्हणजे, इंटरनेटवर प्रत्येक देशाला दोन अक्षरांची एक खूण असते. भारताची 'इन' आहे. तुवालूच्या वाट्याला आली 'टीव्ही'! जगातल्या टीव्हीवाल्यांना ती हवीहवीशी वाटली. तुवालूनं ती विकली नाही, मुदतीनं वापरायला दिली. त्या पैशाच्या मदतीनं २००० साली तुवालू संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला.

दोन्ही शेजारी ठेवून पाहू

आता आपण पाटीवर दोन रकाने पाडू.

मिळकत : माणशी मिळकत पाहिली तर आजही नौरू तुवालूच्या पुढं आहे. पण ती दर काही वर्षांनी वरखाली होते. कधी दगड, कधी मासेमारीचे परवाने, कधी ऑस्ट्रेलियाकडून मिळणारा पैसा. तुवालूची मिळकत कमी आहे आणि त्यालाही बाहेरची मदत लागते. पण आपत्काळासाठी त्याच्या गाठीला निधी आहे.

पाणी : दोन्हीकडं टंचाई. नौरूला पूर्वी दगड न्यायला येणारी जहाजं पाणी आणत. नंतर समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढायचं यंत्र बसवलं. ते वीज आणि तेल खातं. तुवालूत पागोळीच्या टाक्या. २०११ साली पाऊस झाला नाही. सप्टेंबरात सरकारनं आणीबाणी जाहीर केली. राजधानी फुनाफुतीला एका कुटुंबाला दिवसाला दोन बादल्या पाणी मिळे. त्यातच स्वयंपाक, पिणं, अंघोळ, लहान पोरांचं सगळं.

आरोग्य : दोन्ही देशांत मोठी रुग्णालयं नाहीत. अवघड दुखण्याला तुवालूचा माणूस फिजीला जातो, नौरूचा ऑस्ट्रेलियाला. मधुमेह आज तुवालूतही वाढला आहे, कारण तिथंही जहाजानं तांदूळ-साखर येते.

जमीन : नौरूची जमीन आतून गेली. तुवालूची बाहेरून जाते आहे.

ही शेवटची ओळ जरा समजून घेऊ.

तुवालूची बेटं समुद्रातून जेमतेम वर आहेत. सर्वांत उंच जागा साडेचार मीटरच्या आसपास, म्हणजे दीड मजल्याएवढी. जगातल्या गाड्या आणि कारखाने कोळसा-तेल जाळतात. त्यानं हवा तापते, बर्फ वितळतं, समुद्र वाढतो. मोठ्या भरतीला तुवालूत जमिनीतून पाणी वर उमलतं. पुलाकाच्या खड्ड्यात खारं पाणी शिरतं आणि कंद कुजतो. यात तुवालूच्या लोकांची चूक काय? काहीच नाही.

२०२३ साली तुवालूनं ऑस्ट्रेलियाशी करार केला. तो २०२४ मध्ये लागू झाला. त्याप्रमाणं दरवर्षी २८० तुवालूकरांना ऑस्ट्रेलियात जाऊन राहता येतं, काम करता येतं. २०२५ साली पहिल्यांदा नावं मागवली, तेव्हा फार मोठ्या संख्येनं लोकांनी नोंदवली. स्वतःचं गाव कुणाला सोडावंसं वाटतं? पण पोरांचा विचार करावा लागतो.

तेव्हा मंडळी, 'तुवालू शहाणा म्हणून सुखी, नौरू वेडा म्हणून दुःखी' असं लिहून पाटी पुसू नका. राखून ठेवणाऱ्यावरही संकट येतं. फरक एवढाच, की संकट आलं तेव्हा तुवालूचा निधी जाग्यावर होता.

नौरूही शिकला, हे सांगायला हवं. २०१५ साली त्यानं नवा निधी काढला. या वेळी देखरेखीला दुसऱ्या देशांची माणसं घेतली आणि पैसा लगेच काढता येऊ नये अशी व्यवस्था केली.

मुद्दल कसं राखतात?

आता थोडं गणित. समजा, तात्यांनी एक लाख रुपये बँकेत ठेवले. व्याज दर साल दर शेकडा सात. वर्षानं सात हजार मिळाले.

हे सातही हजार खर्च केले तर? लाख जसेच्या तसे राहिले असं वाटेल. पण वर्षात महागाई शेकडा पाचानं वाढली असेल, तर लाखात पूर्वी जेवढा माल येत होता तेवढा आता येणार नाही. सुमारे ९५ हजारांचाच येईल. लाख दिसतो लाखच, पण आतून झिजलेला.

तुवालूच्या रीतीनं काय करायचं? सातातले पाच हजार परत मुद्दलात घालायचे. उरलेले दोन हजार खर्चायचे. दोन हजार फार थोडे वाटतात. पण ते तात्यांच्या नातवालाही मिळतील.

नौरूची रीत कोणती? सात हजार खर्चायचे, वर मुद्दलातले दहा हजार काढायचे आणि लाख आहेत म्हणून कर्जही घ्यायचं.

जमीन विकून आलेला पैसा हा पगार नव्हे. जमीनच पैशाच्या रूपानं घरात आलेली असते. पगार संपला तर पुढच्या महिन्याला येतो. जमीन एकदाच विकता येते.

घराजवळ काय झालं?

हे सगळं समुद्रापलीकडचं झालं. आपल्या पुण्यात काय झालं, तेही पाहा.

हडपसरला मगरपट्ट्याची शेती होती. ऊस, भाजीपाला. शहर वाढत वाढत तिथं येऊन टेकलं. एकेकानं आपापला तुकडा विकला असता, तर पैसे मिळाले असते आणि उडालेही असते. पण सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी वेगळा विचार केला. सतीश मगर यांनी पुढाकार घेतला. सगळ्यांनी मिळून सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली आणि स्वतःची कंपनी काढली. ज्याची जेवढी जमीन, तेवढा त्याचा कंपनीत वाटा. २००० च्या सुमाराला काम सुरू झालं. घरं विकली, पण कचेऱ्यांच्या इमारती भाड्यानं दिल्या. भाडं दरसाल येतं. शेतकऱ्यांच्या घरातली मुलं तिथंच ठेकेदारी आणि इतर कामं शिकली.

मुठेच्या पलीकडच्या काठाला, आपल्यापासून थोडं वर, नांदेड गाव आहे. तिथंही पुढं याच रीतीनं सुमारे ७०० एकरांवर वसाहत उभी राहिली.

ही रीत सगळ्यांना जमेल असं नाही. त्याला लगतची जमीन लागते, भांडवल लागतं आणि भावकीचं एकमत लागतं. हे तिसरं सर्वांत अवघड! वीस गुंठेवाल्या तात्यांना चारशे एकरांचं गाव वसवता येणार नाही. पण त्यातलं मर्म त्यांना घेता येईल. सगळं विकायचं की थोडं राखायचं? रोख घ्यायची की बांधकामात वाटा घ्यायचा? दुकानाचा एखादा गाळा आपल्या नावावर ठेवून भाडं घेता येईल का? हे प्रश्न त्यांना विचारता येतील.

आणि पैसा येईल तो कुणाच्या नावावर राहील? वडिलोपार्जित जमिनीत मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात तशी दुरुस्ती झाली. सही करायला लेकीला बोलावतात. ती चहा पिऊन सही करते आणि जाते. कागदात काय लिहिलंय, ते तिला कुणी वाचून दाखवत नाही. बनाबाच्या लोकांसारखंच हे झालं.

तात्यांचं काय झालं?

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी घरात सगळे होते. थोरला होता, धाकटा होता, लेक सासरहून आली होती. काकू दाराशी बसल्या होत्या. गिऱ्हाइकानं कागद पुढं केला आणि म्हणाला, "तात्या, इथं सही करा. नेहमीचाच कागद आहे."

पूर्वीच्या तीन वेळी तात्यांनी अंगठा दिला होता. या वेळी त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"ठेवून जा," ते म्हणाले. "आठ दिवसांनी या. आधी मी वाचतो. मग माझी लेक वाचेल. मग वकिलाला दाखवू."

"अहो, भाव खाली येईल तोवर," गिऱ्हाईक म्हणाला.

काकू दाराशी बसल्या होत्या तिथूनच म्हणाल्या, "आठ दिवसांत खाली येणारा भाव आम्हाला नकोच."

थोरला थोडा रागावला. पण रात्री जेवणं झाल्यावर तोच कागद घेऊन तात्यांच्या शेजारी बसला. जिथं तात्या अडखळत, तिथं तो सांगे. दोघांनी मिळून पहिलं पान पुरं केलं. दुसऱ्या पानावर एक ओळ होती, तिचा अर्थ दोघांनाही लागला नाही. तात्यांनी तिच्याखाली पेन्सिलनं रेघ ओढली.

ती रेघ त्यांनी वकिलाला विचारायला ठेवली आहे. विकायचं की राखायचं, ते अजून ठरलेलं नाही. या वेळी घरातले सगळे मिळून ठरवणार आहेत.

विचार करा आणि सांगा

१. नौरू आणि तुवालू यांच्यात सारख्या असलेल्या तीन गोष्टी सांगा.

२. नौरूजवळ मोठा निधी असून तो का टिकला नाही?

३. तुवालूच्या निधीचे नियम आपल्या शब्दांत सांगा.

४. दोन लाख रुपयांना दर साल दर शेकडा सात व्याज मिळालं आणि महागाई शेकडा पाचानं वाढली. मुद्दल झिजू न देता वर्षात किती रुपये खर्च करता येतील?

५. तुमच्या घरी जमिनीचा किंवा कर्जाचा एखादा कागद असेल. तो आज घरी गेल्यावर काढा. जेवढा वाचता येईल तेवढा वाचा. जी ओळ कळणार नाही, तिच्याखाली रेघ ओढा. कागद जपून ठेवा. ती ओळ वहीत उतरवून पुढच्या वर्गाला आणा.